जोडतारीख

जिंतूरच्या तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर रोज शंभरेक अर्ज येऊन पडत. त्यांतला कोणता अर्ज अंगद रायभान पोले याच्या हातचा आहे, हे ओळखायला कारकुनाला मजकूर वाचावा लागत नसे. उजव्या कोपऱ्यात तारीख जोडीने लिहिलेली असे : ‘१२/१३ मार्च’. कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस चार होते, पण दोन तारखा घालणारा एकच. “आली जोडतारीख,” असे म्हणून कारकून शिक्का मारी. शिक्क्यात मात्र एकच तारीख असे.

एकदा एका नव्या नायब तहसीलदाराने त्याला आत बोलावले. “पोले, एका अर्जाला एक तारीख असते. हा पोरखेळ बंद करा.”

“साहेब, आमच्याकडे दिवस उजाडल्यावर सुरू होतो आणि पुन्हा उजाडेपर्यंत चालतो. तो तुमच्या दोन तारखांवर पसरतो. त्यांतली कोणती खरी ते कचेरीने लेखी कळवावे, मी तशी घालीन.”

लेखी कळवणे हे कोणत्याही कचेरीच्या जिवावर येते. लेखी काही आले नाही आणि जोडतारीख चालू राहिली.

लोक याला चक्रमपणा समजत. वास्तविक त्यामागे एक तारा होता, खरे म्हणजे एकाभोवती एक फिरणारे दोन तारे. आणि एक कागद होता, ज्यावर अंगदने सही केली नव्हती.

अंगदचा जन्म येलदरीच्या अलीकडच्या एका मेंढपाळ वस्तीवरचा. बाप रायभान लवकर गेला. आई कासाबाईने चाळीस मेंढ्या आणि एक मुलगा, दोन्ही एकाच शिस्तीत वाढवले. तिच्या घरात घड्याळ नव्हते आणि तिला ते लागतही नव्हते. आभाळातले बाजले म्हणजे सप्तर्षी किती कलले, तिकांडे म्हणजे मृगातले तीन तारे कुठवर आले, यावरून ती रात्रीचा हिशोब ठेवी, आणि तो फारसा चुकत नसे. तिचा दिवस सूर्य उगवल्यावर बदले. तारीख मध्यरात्री बारा वाजता बदलते असे अंगदने शाळेतून येऊन सांगितले तेव्हा तिने मनापासून विचारले होते, “बारा वाजता कोन उठून बदलायलंय? मेंढरू बी उठत न्हाई त्या टायमाला.”

मेंढ्या विकून तिने त्याला परभणीच्या कॉलेजात घातले. पदार्थविज्ञान घेऊन तो शेवटच्या वर्षाला होता, तेव्हा, १९७८ च्या जुलैत, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी ज्यांची घरे जाळली गेली त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिलेली नव्हती. तरी ती विद्यापीठाच्या प्रेमापोटी जाळली असे सांगण्यात आले. वसतिगृहात नामांतरविरोधी निवेदन फिरले. सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. अंगदने ते वाचले, आणि तिथेच घोटाळा झाला.

“यात लिहिलं आहे की नाव बदललं तर पदवीची किंमत कमी होते,” तो म्हणाला. “कशी, तेवढं दाखवा. मग सही करतो.”

दाखवणाऱ्यांनी ते हाताने दाखवले. समोरचा अर्धा दात त्या निवेदनावर पडला, सही पडली नाही. पुढे पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही, आणि पाच वर्षे तो रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचे हजेरीपट लिहीत राहिला. त्या पाच वर्षांत त्याला एकच गोष्ट पक्की समजली : जे लिहिले जाते तेच घडले असे मानले जाते, म्हणून लिहिणाऱ्याने सांभाळून असावे.

१९८३ साली एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेचे लोक जिंतूर तालुक्यात आले. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. अशा संस्थांची नावे दगडात कोरलेली असतातच. येलदरीच्या रस्त्याला लागून धामणमाळ म्हणून उघडा माळ आहे. वीज जवळ आणि गावांचे दिवे लांब, म्हणून तो त्यांना पसंत पडला. तिथे त्यांनी आठ प्रचंड आरसे बसवले. लष्कराने मोडीत काढलेल्या शोधदिव्यांचे आरसे ते. दिवसा चुकून उघडे राहिले तर वणवा लावतील असे. चौकीदार लिंबाजीच्या पटक्याला एकदा भर दुपारी त्यांनी आग लावलीच. तेव्हापासून तो आरशांना ‘मामंजी’ म्हणे आणि त्यांच्यासमोरून जाताना डोके खाली घालून जाई.

अंगदला तिथे ‘निरीक्षण साहाय्यक, हंगामी’ अशी जागा मिळाली. केंद्राचे प्रमुख होते डॉ. सबनीस, ते शहरात असत. स्थानिक व्यवस्था सोनपेठचे दिनकरराव पाहत. पण अमावास्येच्या आगेमागे, चंद्र नसलेल्या रात्री माळावर जागणारे दोघेच : अंगद आणि लिंबाजी.

“मास्तर, रातभर बघायलाव तरी काय?” लिंबाजीने पहिल्याच आठवड्यात विचारले.

अंगदला शिकवण्याची हौस होती आणि विद्यार्थी एवढा एकच होता. “खळ्यात मेढीभोवती बैल फिरतो ना? तसे हंस नावाच्या तारकासमूहात दोन तारे आहेत. एक मोठा आणि जळता. दुसरा मेलेला, आकसून गावाएवढा झालेला, पण वजनाला सूर्यासारखा. हा मेलेला त्या मोठ्याभोवती पावणेपाच तासांत फेरी मारतो. आणि फेरीच्या एका ठरावीक जागी आला की त्याच्या गळ्यातली घंटा इकडे ऐकू येते, असं म्हणतात.”

“मेलेला हाय, फिरायलाय, आनि घंटा बी वाजवायलाय,” लिंबाजी म्हणाला. “मंग मेला कुठं त्यो?”

ती घंटा म्हणजे गॅमा किरण. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणात जेवढे बळ असते त्याच्या लाख कोटी पट बळाचे हे कण. ते जमिनीवर पोहोचत नाहीत. आठ-दहा किलोमीटर उंचावर हवेत फुटतात, आणि फुटताना निळसर प्रकाशाची एक लकेर उमटते, पापणी लवायच्या आतच नव्हे, तर पापणी लवण्याच्या कोट्यंशाच्या आत विझणारी. आरसे ती लकेर गोळा करीत, यंत्र ती मोजी, आणि मिनिटामिनिटाचा आकडा वेळेसह कागदी पट्टीवर छापला जाई. अडचण अशी की आभाळातून इतर कणही सतत कोसळत असतात आणि तशाच लकेरी उमटवतात. म्हणून ताऱ्याच्या फेरीचे दहा खाने पाडायचे, प्रत्येक मिनिटाचा आकडा त्या त्या खान्यात टाकायचा, आणि वर्षभराने पाहायचे : एखाद्या खान्यात इतरांपेक्षा जास्त भरले आहे का? भरले असेल तर घंटा वाजली.

माळावर शंभर पावलांत काडी ओढायला बंदी होती. लिंबाजीने एकदा झुडपाआड विडी पेटवली आणि यंत्रावरचा आकडा दुप्पट झाला. अंगद धावत गेला. “माजी इडी बी जोडतारा हाय का मास्तर?” लिंबाजीने विचारले. अंगदने रजिस्टरात प्रामाणिकपणे लिहिले : ‘२ वाजून ५ मिनिटे. चौकीदाराची विडी.’

आता तारखेचे. यंत्र तास आणि मिनिटे छापी, तारीख छापत नसे. ती अंगद हाताने घाली. दिवेलागणीला माळावर यायचे, रजिस्टराचे नवे पान काढायचे, वर तारीख घालायची आणि आरसे उघडायला लागायचे. एक रात्र, एक पान, एक तारीख. दिवाळीच्या सुमारास हंस संध्याकाळीच डोक्यावर असतो, तेव्हा काम मध्यरात्रीच्या आत आटपे. चैत्र-वैशाखात मात्र तो मध्यरात्रीनंतर वर चढतो. तेव्हा सगळे आकडे पहाटेचे असत आणि पानावर तारीख आदल्या संध्याकाळची. तारीख उजाडायच्या आधीच बदलते हे अंगदला माहीत नव्हते असे नाही. त्याला ते सुचले नाही. कासाबाईच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ते सुचणेही कठीण होते. आणि पाच वर्षांत शहरातून आलेल्या एकाही विद्वानाने कधी विचारले नाही.

१९८५ च्या उन्हाळ्यात सबनीसांनी जाहीर केले की घंटा वाजली. तीन रात्रींचे आकडे एकाच खान्यात साचले होते. जगात इतरही काही जणांनी त्या ताऱ्याविषयी असेच सांगितले होते, त्यामुळे टाळ्या मोठ्या पडल्या. परदेशी नियतकालिकात लेख छापला गेला, माळावर पेढे वाटले गेले. तोंडात पेढा असतानाच अंगदने विचारले, “सर, आणि बाकीच्या एकवीस रात्री?”

“त्या रात्री हवा चांगली नव्हती.”

“रजिस्टरात ‘आकाश स्वच्छ’ लिहिलं आहे.”

“ते तुम्हाला वाटलं तसं,” सबनीस हसून म्हणाले, आणि दुसरा पेढा पुढे केला.

पुढच्या तीन वर्षांत घंटा पुन्हा वाजली नाही. परदेशांत अधिक मोठी, अधिक बारीक नजरेची यंत्रे उभी राहिली आणि त्यांनाही काही दिसेना. ज्यांनी ज्यांनी ताऱ्याची घंटा ऐकल्याचे छातीठोकपणे सांगितले होते, ते एकेक करून खाकरू लागले. सबनीसांनाही माघार घ्यायची होती. पण मोठ्या माणसाची माघार स्वतःच्या पायांनी होत नसते. तिला दुसऱ्याचे पाय लागतात.

ते पाय एका उल्केने मिळवून दिले. १९८६ च्या चैत्री अमावास्येच्या रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी एक मोठी उल्का जिंतूरवरून आग्नेयेकडे गेली होती. अंगदने तिची नोंद ८ मेच्या पानावर केली. वर्तमानपत्रात मात्र ‘९ मेच्या पहाटे’ असे छापून आले होते. संस्थेत बसून जुने कागद उपसणाऱ्या कुणाला तरी दोन वर्षांनी ही विसंगती सापडली, आणि ती गुप्तधनासारखी जपून सबनीसांच्या टेबलावर ठेवण्यात आली.

१९८९ च्या फेब्रुवारीत सबनीस स्वतः माळावर आले. दुपारची वेळ. पत्र्याच्या खोलीत एका बाजूला ते, त्यांच्या शेजारी दिनकरराव, समोर अंगद. लिंबाजी चहाची किटली घेऊन उंबऱ्याबाहेर. टेबलावर टंकलिखित कागद होता. त्यातले एक वाक्य पुढे परदेशी नियतकालिकात जाणार होते, आणि त्याखाली कबुली म्हणून अंगदची सही हवी होती : ‘स्थानिक साहाय्यकाने मध्यरात्रीनंतरच्या नोंदींवर चुकीच्या तारखा घातल्याने या केंद्राची १९८४ ते १९८८ मधील निरीक्षणे भरवशाची राहिलेली नाहीत.’

“पोले, माझा तुमच्यावर राग नाही,” सबनीस म्हणाले. “चूक माणसाकडूनच होते. तारखा चुकल्या, हे खरं ना?”

“सरकारी दिनदर्शिकेप्रमाणे चुकल्या. तेवढं मी आत्ता लिहून देतो.”

“मग प्रश्न मिटला.”

“नाही सर. तारखा चुकल्या हे माझं वाक्य. निरीक्षणं वाया गेली हे तुमचं. दोन्हींवर सही मात्र माझी एकट्याची मागता आहात.”

दिनकरराव त्याच्या कानाशी वाकले. वाईट माणूस नव्हता तो. फक्त सगळ्यांचे भले व्हावे असे वाटणारा होता, आणि तसली माणसे फार नुकसान करतात. “अंगदराव, तुमची कायम करायची फाईल सायबांच्याच ब्यागेत हाय. मी डोळ्यांनी बघितली. सही करा आन् मोकळं व्हा. ते मासिक परभनीत कोन वाचनार हाय?”

“मी वाचणार आहे,” अंगद म्हणाला.

मग त्याने सबनीसांकडे वळून विचारले, “दिवाळीच्या हंगामातल्या तारखांत तर चूक नाही. ते काम मध्यरात्रीच्या आतलं. त्यात घंटा वाजली का सर?”

“तो विषय वेगळा आहे.”

“बरं. मग उन्हाळ्याचं घेऊ.” त्याने टेबलावरची एक जुनी पट्टी उलटी केली आणि पेन्सिल घेतली. “ताऱ्याची एक फेरी चार तास सत्तेचाळीस मिनिटं आणि वर अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त. पाच फेऱ्या झाल्या की तेवीस तास सत्तावन्न मिनिटं आणि पाऊण मिनिट. म्हणजे दिवसाला जवळजवळ बरोबर पाच फेऱ्या. माझी तारीख एक दिवसाने चुकली, तर तेवढ्या वेळात तारा पाच फेऱ्या पुऱ्या करून पुन्हा त्याच जागी येतो. फरक पडला तो सव्वादोन मिनिटांचा. तुमचा एक खाना एकोणतीस मिनिटांचा आहे. सव्वादोन मिनिटांनी एकोणतीस मिनिटांचा खाना वाया कसा जातो, तेवढं दाखवा. मग सही करतो.”

हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्याची जीभ आपोआप अर्ध्या दाताकडे गेली.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून लिंबाजी म्हणाला, “म्हंजी बैल काल दोनला दाराशी हुता, आज दोनला बी दाराशीच हाय. मंग काल म्हनलं काय आन् आज म्हनलं काय.”

“याला बाहेर काढा,” सबनीस म्हणाले.

“मी भाईरच हाय सायेब. च्या देऊ का?”

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. “पोले, ही आकडेमोड आम्हाला येत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

“येते, म्हणूनच विचारतो. येत नसती तर समजावून सांगितली असती.”

“माघार घेताना कारण द्यावं लागतं. जगाची रीत आहे ती.”

“कारण आहे ना. घंटा वाजली नाही. तसं लिहा.”

“वाजली म्हणून आम्ही छापलेलं आहे.”

“तीन रात्री निवडून.”

सबनीस उठले. त्यांचा आवाज चढला नाही. अशा माणसांना आवाज चढवावा लागत नाही, त्यासाठी त्यांच्याकडे कागद असतात. “उद्या सकाळी दहापर्यंत हा कागद सहीसह दिनकररावांकडे आला, तर कायम करण्याची शिफारस जाईल. नाही आला, तर एकतीस मार्चला तुमची हंगामी मुदत संपते. विचार करा.”

“उद्या म्हणजे उजाडल्यावर ना सर?” अंगदने विचारले.

कागद घेऊन तो घरी आला तेव्हा कासाबाई अंगणात लोकर निवडत बसली होती. तिने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि बाजूला सरकून जागा करून दिली. त्याने सगळे सांगितले. कायम नोकरी म्हणजे काय हे तिला चांगले ठाऊक होते; कायम अशी एकही वस्तू तिच्या आयुष्यात आलेली नव्हती. तिने लोकरीतली हातातली गाठ सोडवली.

“तुला कुनी सांगितलं हुतं का, रातचे बारा वाजता पान उलटायचं?”

“न्हाई.”

“आन् त्यांचा सोताचा दीस कवा बदलतो?”

“कुणाचा?”

“त्या सायबाचा. ज्यो तारे बघतो त्याचा. त्यो कुठं बघून दीस बदलतो?”

अंगदने उत्तर देण्याऐवजी पेटी उघडली. त्याच्या आकड्यांवरून केलेले सबनीसांचे जुने तक्ते तिच्यात होते, आणि रजिस्टरांच्या प्रतीही. तारे पाहणारे लोक देशोदेशींच्या वेगवेगळ्या घड्याळांवर काम करीत नाहीत. सगळे ग्रीनिचच्या वेळेने लिहितात, म्हणजे जुळवाजुळव सोपी जाते. तक्त्यांत तोच रकाना होता. ग्रीनिचला मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात. मे महिन्यात येलदरीला सूर्य उगवतो पावणेसहाच्या सुमारास.

त्याने पाच उन्हाळ्यांची पाने एकामागून एक ताडून पाहिली. काम नेहमी साडेचार-पाचला थांबलेले. एकही नोंद साडेपाचच्या पलीकडची नव्हती. रजिस्टरातली प्रत्येक तारीख ही ग्रीनिचची तारीख होती, एकूण एक, जशीच्या तशी. उल्केच्या त्या रात्री जिंतूरला ९ मे लागली असेल, पण ग्रीनिचला अजून ८ मेचीच संध्याकाळ होती. जगभरच्या तारे पाहणाऱ्यांनी जी तारीख घातली असती तीच कासाबाईच्या मुलाने घातली होती. संस्थेत कुणीतरी ती भारतीय तारीख समजून, ग्रीनिचची करण्यासाठी त्यातून आणखी एक दिवस वजा केला होता. चूक झाली होती ती तिथे, पंख्याखाली.

“माय, त्यांचा दीस आपल्याकडं उजाडायच्या टायमालाच बदलतो.”

“मंग माज्यावानीच की,” कासाबाई म्हणाली. तिला त्यात नवल काहीच वाटले नाही. “येवढं शिकून त्यांला ठावं न्हाई व्हय?”

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत अंगदने कागद दिनकररावांच्या हातात दिला. सहीची जागा कोरी होती. कागदाच्या पाठीवर, हजेरीपट लिहून घोटलेल्या त्याच्या ठसठशीत अक्षरांत मजकूर होता :

‘समोरचा मजकूर वाचला. मान्य नाही. माझ्या रजिस्टरातील तारखा ग्रीनिचच्या तारखांशी पूर्णपणे जुळतात. त्या भारतीय समजून वजाबाकी कोणी केली, याची चौकशी व्हावी. तशीही एका दिवसाच्या फरकाने या ताऱ्याची फेरी बिघडत नाही, हे गणित सोबत जोडले आहे. निरीक्षणांत काही सापडले नाही, कारण सापडावे असे काही आले नाही. माझी ही नोंद भरवशाची आहे.’

त्याखाली सही, पूर्ण नाव, आणि तारीख : ‘२१/२२ फेब्रुवारी १९८९’. जोडतारखेची सुरुवात ती.

“हे मी सायबाला कसं दाखवू?” दिनकरराव म्हणाले.

“उलटं धरून,” अंगद म्हणाला.

एकतीस मार्चला मुदत संपली. नूतनीकरण झाले नाही. कागदाची एक प्रत त्याने ज्या नियतकालिकात १९८५ चा लेख छापला होता त्याच्या संपादकांना रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. अकरा महिने काही उत्तर नव्हते. मग एक पाकीट आले. आत पत्र नव्हते, फक्त छापील पानाची प्रत होती, सबनीसांच्या अर्ध्या पानाच्या टिपणाची. १९८४ ते १९८८ या काळात सदर ताऱ्याकडून कोणताही संकेत आढळला नाही, एवढेच त्यात होते. तारखांविषयीचे ते वाक्य गळले होते. त्याबरोबर स्थानिक साहाय्यकांचे आभारही गळले होते. दोष काढून घेताना माणूसही काढून घ्यायचा, ही वरच्यांची जुनी काटकसर आहे.

पाकीट आले त्या दिवशी लिंबाजी भेटायला आला होता. त्याने पान उलटसुलट करून पाहिले. “म्हंजी जिंकलाव का हरलाव, मास्तर?”

“वाक्य गेलं.”

“नोकरी बी गेली.”

“नोकरी त्यांची होती,” अंगद म्हणाला. “वाक्य माझ्यावरचं होतं.”

त्यानंतर तो जिंतूरच्या कडुलिंबाखाली बसू लागला. लोकांच्या तक्रारी नेटक्या भाषेत मांडून देण्याचा धंदा. कुणाचीही तक्रार पुरती ऐकल्याशिवाय तो लेखणी उचलत नसे आणि वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घेत नसे.

१९९४ च्या जानेवारीत, मागणीच्या ठरावानंतर सोळाव्या वर्षी, विद्यापीठाला एकदाचे नाव मिळाले. कुणाच्याही पदवीची किंमत त्याने कमी झाल्याचे ऐकिवात आले नाही. त्यानंतर तीन-चार दिवसांनी कडुलिंबाखाली एक ओळखीचा माणूस येऊन उभा राहिला. दिनकरराव थकले होते. माळावरचे केंद्र बंद झाल्यावर संस्थेने त्यांना दुसरीकडे नेले होते.

“अंगदराव, एक अर्ज पायजे. जन्मतारखेचा घोळ झालाय.”

“बसा. सांगा.”

“माझा जन्म रात्री दोनचा. एक फेब्रुवारीची रात्र. आईनं शाळेत एक तारीख सांगितली. पन बारा वाजून गेले हुते, म्हंजी दोन तारीख झाली. आता रिटायर व्हायचा नियम असा हाय की एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी जातो. दोन तारीख लागली तर महिनाभर जास्त राहतो. हापिस म्हनतंय, तुमच्या आईनं चुकीची तारीख सांगितली, आता बदलत न्हाई.”

दिनकररावांनी नजर चुकवली, मग स्वतःच म्हणाले, “हसा. तुमचा हक्क हाय.”

अंगद हसला नाही. त्याने कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला, मुद्देसूद, कुठेही शब्द जास्त नाही. मग शिरस्त्याप्रमाणे वाचून दाखवला. शेवटचे वाक्य त्याने जरा सावकाश वाचले : ‘माझ्या आईने सांगितलेली तारीख चुकीची नव्हती, ती उजाडेपर्यंतची होती. चूक, ती कशी मोजली हे न विचारता उतरवून घेणाऱ्याची आहे.’

दिनकररावांनी ते वाक्य पुन्हा स्वतः वाचले. ओठ हलवत, शेवटपर्यंत.

“हे असंच ठेवायचं?”

“खरं असेल तर ठेवायचं. नसेल तर खोडा, मी दुसरं लिहून देतो.”

दिनकररावांनी पेन मागितले आणि त्या वाक्याखाली सही केली. तारखेची जागा मोकळी होती. त्यांनी पेन परत द्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि आपल्या हाताने लिहिले : ‘१७/१८ जानेवारी १९९४’.